भूल अपुरी पडली तेव्हा...

दाढ काढताना भूल नीट चढली नाही, तरी आपण बायका मुकाट्याने सोसतो. तेव्हा मला होरेस वेल्स आठवतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डचा हा दंतवैद्य. डिसेंबर १८४४ मध्ये त्याने हास्यवायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात बोस्टनला सर्वांसमोर प्रयोग केला, पण वायू कमी पडला आणि रुग्ण ओरडला. लोकांनी वेल्सची टर उडवली. खचलेला वेल्स १८४८ मध्ये, ३३ व्या वर्षी गेला. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने शोधाचं श्रेय त्याला दिलं.

मैत्रिणींनो, दाढेत पू असला की आजही इंजेक्शन कमी लागू पडतं. त्यात आपला भित्रेपणा नसतो. दुखलं तर हात वर करा. डॉक्टरांना पुन्हा भूल देता येते.