विश्लेषण : महागडी फ्रेंच वाइन खरेच तेवढी भारी असते? ‘मुताँ’च्या बॅरन फिलिप यांची गोष्ट काय सांगते?

फ्रान्सच्या बोर्दो भागातील ‘शातो मुताँ रॉथशिल्ड’च्या १९४५ सालच्या एका मोठ्या बाटलीला २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तीन लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. बाटलीत सहा साध्या बाटल्यांएवढी वाइन होती. एवढे पैसे चवीचे की नावाचे? हे नाव मोठे करणाऱ्या बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांच्या आयुष्यात याचे बरेचसे उत्तर सापडते.

कोण होते बॅरन फिलिप?

जन्म १९०२, पॅरिस. बँकिंगमुळे प्रसिद्ध असलेल्या रॉथशिल्ड घराण्यातले हे शेंडेफळ. १९२९ च्या मोनॅको ग्रांप्रीमध्ये त्यांनी बुगाटी पळवून चौथा क्रमांक मिळवला होता. पोयाक गावाजवळचा मुताँचा मळा त्यांच्या पणजोबांनी १८५३ मध्ये विकत घेतला होता. १९२२ मध्ये तो फिलिप यांच्या ताब्यात आला, तेव्हा ते अवघे २० वर्षांचे होते.

दुसऱ्या श्रेणीचे दुखणे काय होते?

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या रेड वाइनची पाच श्रेणींची यादी केली. त्यासाठी कुठली स्पर्धा घेतली नव्हती, बाजारात मिळणारा भाव हाच मुख्य निकष होता. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर (अर्थातच फ्रान्समधले), मार्गो आणि ओ-ब्रियाँ हे चारच मळे आले. मुताँ दुसऱ्या श्रेणीत अडकले. पुढे १८६८ मध्ये शेजारचे लाफित रॉथशिल्ड घराण्याच्याच दुसऱ्या शाखेने घेतले. म्हणजे भाऊबंद पहिल्या श्रेणीत आणि आपण दुसऱ्या!

फिलिप यांनी नेमके काय बदलले?

त्या काळी मळेवाले पिंपातूनच वाइन विकत. ती मुरवणे, बाटल्या भरणे, लेबल लावणे हे काम व्यापारी करत. त्यामुळे भेसळीला वाव राहायचा. १९२४ पासून फिलिप यांनी सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करायला सुरुवात केली आणि पहिल्या श्रेणीच्या मळ्यांनाही त्यासाठी राजी केले. बाटल्या साठवायला जागा लागणार म्हणून १९२६ मध्ये १०० मीटर लांबीचे कोठार बांधले. १९३० चे पीक खराब निघाले, तेव्हा ती वाइन मुताँच्या नावाने न विकता ‘मुताँ काडे’ या स्वस्त नावाने बाजारात आणली. ‘काडे’ म्हणजे धाकटा.

युद्धात काय घडले?

ज्यू असल्यामुळे फिलिप यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले आणि मळाही जप्त झाला. ते फ्रान्समधून निसटून जनरल द गॉल यांच्या सैन्यात दाखल झाले. पत्नी एलिझाबेथ यांचा मात्र १९४५ मध्ये राव्हेन्सब्रूकच्या नाझी छळछावणीत मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या वाइनच्या लेबलवर विजयाचे ‘व्ही’ चिन्ह छापले गेले. तेव्हापासून लेबलसाठी दरवर्षी नवा कलाकार निवडण्याची प्रथा पडली. डाली, मिरो, शागाल, वॉरहॉल अशी नावे त्यात आहेत. मानधन पैशांत नाही, तर वाइनच्या पेट्यांत. ही प्रथा फिलिप यांच्यानंतरही सुरू राहिली. २००९ च्या वाइनचे लेबल मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे.

बढती कधी मिळाली?

अनेक दशकांच्या पाठपुराव्यानंतर १९७३ मध्ये. तेव्हाचे कृषिमंत्री (आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) जाक शिराक यांनी आदेशावर सही केली. १८५५ च्या यादीत वरच्या श्रेणीत बढती मिळालेली मुताँ ही एकमेव वाइन. गंमत म्हणजे १९७३ चे पीक बेताचेच होते. पण लेबलवर पिकासोचे चित्र असल्याने संग्राहक आजही ती बाटली शोधतात.

लेबल झाकल्यावर काय झाले?

तीनच वर्षांनी, मे १९७६ मध्ये, पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता वाइन चाखल्या. रेड वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील ‘स्टॅग्स लीप’ पहिली आली. मुताँची १९७० ची वाइन दुसरी. यानंतर फिलिप यांनी कॅलिफोर्नियाच्याच रॉबर्ट मोंडावी यांच्याशी भागीदारी केली. त्यातून ‘ओपस वन’ तयार झाली. तिचे पहिले पीक १९७९ चे.

मग किंमत कशाची?

फिलिप यांचे निधन १९८८ मध्ये झाले. त्यांनी चव सुधारली, भेसळीची वाट बंद केली, खराब पिकाला मोठे नाव लावले नाही. हा किमतीतला खरा भाग. बाकीची किंमत श्रेणी, चित्र, इतिहास आणि उरलेल्या मोजक्या बाटल्यांची. १९७६ चा निकाल पाहिला तर मुताँ चांगली होतीच, पण नाव झाकल्यावर तिच्यापुढे जाणारी वाइनही सापडली. बाटली पिण्यासाठी घ्यायची असेल, तर हा फरक लक्षात ठेवलेला बरा.