घड्याळ चुकले तरी चालेल, चूक बदलायला नको! सुतार जॉन हॅरिसन यांनी हे कसे सिद्ध केले?

डेस्कटॉप संगणकात एकच घड्याळ नसते. मदरबोर्डवर छोट्या बॅटरीवर चालणारे एक असते, प्रोसेसरचे ठोके मोजणारे दुसरे. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर खरे कोणते मानायचे? हाच पेच १८व्या शतकात इंग्लंडच्या जहाजांपुढे होता. तो सोडवला एका सुताराने.

प्रश्न काय होता?

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे घरच्या बंदराची वेळ अचूक माहीत असेल, तर भर समुद्रात रेखांश काढता येतो. पण जहाजाचे हेलकावे आणि बदलते तापमान यांपुढे तेव्हाची घड्याळे टिकत नसत. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत अचूक पद्धतीसाठी २० हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे वेळेत फक्त २ मिनिटे.

हॅरिसन यांनी काय केले?

१६९३ मध्ये यॉर्कशायरमध्ये जन्मलेले हॅरिसन आधी लाकडी घड्याळे बनवत. उष्णतेने लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडते. त्यावर त्यांनी पितळ आणि पोलादाच्या दांड्या जोडून लंबकाची लांबी कायम ठेवली. समुद्रासाठी त्यांनी तीन मोठी यंत्रे बनवली. एकट्या तिसऱ्यावर १९ वर्षे गेली. शेवटी यश आले ते १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या, तळहातावर मावणाऱ्या 'एच-४' घड्याळाला.

वाद कशावरून झाला?

१७६१ मध्ये मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. ते रोज सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडत होते. तेवढी दुरुस्ती केल्यावर ८१ दिवसांत उरलेली चूक जेमतेम ५ सेकंदांची होती. पण मागे पडण्याचा हा वेग आधी ठरवून सांगितला नव्हता, असा आक्षेप रेखांश मंडळाने घेतला. १७६४ च्या बार्बाडोस सफरीआधी हॅरिसन यांनी वेग लिहून दिला. चूक ४० सेकंदांच्या आत राहिली. तरी १७६५ मध्ये निम्मीच रक्कम मिळाली. राजा तिसरा जॉर्ज यांनी लक्ष घातल्यावर १७७३ मध्ये संसदेने आणखी ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे होते. १७७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या संगणकाशी संबंध काय?

संगणकातील क्वार्ट्झ स्फटिकाचा वेगही तापमानाने बदलतो. १० लाखांत २० भाग एवढी चूक असली, तरी दिवसाला १.७ सेकंदांचा फरक पडतो. तो रोज सारखाच असेल तर चिंता नाही. इंटरनेटवरील वेळेशी ताडून सॉफ्टवेअर तो भरून काढते. फरक मध्येच उडी मारत असेल, तर मात्र मदरबोर्डची बॅटरी तपासा. शिवाय मोजणीची सुरुवात एका घड्याळावर आणि शेवट दुसऱ्यावर होत नाही ना, हेही पाहा.