तारा छापणारा अभियंता

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या कित्येक विद्यार्थ्यांनी लॅमिंग्टन रोडवरून तांब्याचा थर चढवलेला बोर्ड आणि फेरिक क्लोराईडची पुडी आणून घरीच प्लास्टिकच्या टबात पहिला पीसीबी तयार केला आहे. बोटांवर आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर उरणाऱ्या त्या तपकिरी डागांचे मूळ पॉल आइस्लर यांच्याकडे जाते.

आइस्लर यांचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात झाला. १९३० मध्ये ते अभियंता झाले, पण ज्यूविरोधी वातावरणात नोकरी दुरापास्त होती. पोटासाठी मुद्रण व्यवसायात शिरलेल्या या तरुणाने छपाईचे तंत्र तेथेच आत्मसात केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले.

त्या काळी रेडिओतील प्रत्येक तार हाताने कापून, सोलून, डाख देऊन जोडावी लागे. अक्षरांप्रमाणे तारांचेही जाळे छापता येईल, हे आइस्लर यांनी ओळखले आणि हॅम्पस्टेडमधील भाड्याच्या खोलीत तसा रेडिओ बनवला. प्लेसी कंपनीने मात्र तो नाकारला. हाताने जोडणी करणाऱ्या मुली कंपनीला अधिक स्वस्त पडत होत्या!

१९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर हेंडरसन अँड स्पाल्डिंग या संगीतलिपी छापणाऱ्या कंपनीने त्यांना आश्रय दिला. पण करार नीट न वाचता केलेल्या सहीने शोधाचे हक्क हातचे गेले. एवढ्या काटेकोर माणसाची ही बेफिकिरी अनाकलनीयच. पेटंटचा अर्ज १९४३ मध्ये दाखल झाला.

या तंत्राचा कस आराखड्यातच लागतो. परिपथाची आकृती तांब्यावर आम्लरोधक थराने उतरवायची आणि उघडे राहिलेले तांबे रसायनात विरघळवायचे. हातजोडणीतली चूक एका संचापुरती राहते. आराखड्यातली चूक मात्र प्रत्येक बोर्डावर उमटते. म्हणूनच आजही गर्बर व ड्रिल फाइल कारखान्यात धाडण्यापूर्वी रेषांची जाडी, दोन रेषांमधील अंतर आणि छिद्रांची मापे पुन्हा पुन्हा तपासली जातात. पूर्वी हेच काम मोठ्या आकारात रेखाटन करून, कॅमेऱ्याने ते लहान करून होत असे.

महायुद्धात विमानवेधी तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील परिपथ वापरले गेले आणि युद्धानंतर ते घरोघरच्या रेडिओत आले. १९५७ मध्ये आइस्लर कंपनीतून बाहेर पडले. १९६३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. पुढे ते धातूच्या पातळ पत्र्याने ऊब देणाऱ्या साधनांच्या मागे लागले. १९८९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना रौप्यपदक दिले ते १९९२ मध्ये. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.