एका हाताची टाळी आणि डोक्यावरचं लोणी

टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भावंडांचं भांडण झालं की आई दोघांनाही एकेक धपाटा घालून हे वाक्य ऐकवतेच! पण सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी जपानमध्ये एक म्हातारे गुरू शिष्यांना नेमकं उलटं काम सांगत. दोन हातांच्या टाळीचा आवाज कोणालाही येतो, तुम्ही एका हाताचा आवाज ऐकून या, म्हणत. शिष्य बिचारे महिनोन्‌महिने त्यावर डोकं लावून बसत. या गुरूंचं नाव हाकुइन एकाकु.

झेन म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांना आधी मारुतीची जुनी गाडी आठवते. पण मित्रांनो, हा शब्द मूळचा आपलाच आहे. संस्कृतमधलं 'ध्यान' चीनमध्ये जाऊन 'चान' झालं आणि जपानमध्ये पोहोचेपर्यंत 'झेन' झालं. हाकुइन हे या झेन पंथातलं फार मोठं नाव. मला मात्र त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. हा माणूस विशीत असताना अति मेहनतीने पार मोडून पडला होता, आणि तो पुन्हा कसा उभा राहिला हे त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलं. होस्टेलवाल्यांनी वाचावी अशी ती गोष्ट आहे.

हाकुइनचा जन्म जानेवारी १६८६ चा. गाव हारा, फुजी पर्वताच्या पायथ्याशी. एदो म्हणजे आजचं टोकियो आणि क्योटो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या हमरस्त्यावरचं हे मुक्कामाचं ठिकाण. घरात प्रवाशांना उतरवण्याचा धंदा होता. लहानपणीचं नाव इवाजिरो. आई अतिशय धार्मिक. एकदा तिच्याबरोबर प्रवचनाला गेला असता त्याने नरकांचं वर्णन ऐकलं, तापलेल्या, जळत्या नरकांचं. पोराने असा धसका घेतला की न्हाणीत पाणी तापवायच्या लाकडांचा तडतड आवाज आला तरी तो किंचाळायला लागायचा. नरकातून सुटायचं तर संन्यास हाच मार्ग, असं त्याच्या मनाने घेतलं आणि १६९९ मध्ये गावातल्याच शोइनजी मंदिरात त्याने दीक्षा घेतली.

म्हणजे सुरुवातच भीतीने झाली. आपल्यातले कितीतरी जण इंजिनिअरिंगला येतात तेही काहीसं असंच नाही का?

पुढे एका प्राचीन चिनी झेन गुरूची गोष्ट त्याच्या वाचनात आली. दरोडेखोरांनी त्यांना मारलं तेव्हा त्यांची किंकाळी कोसभर ऐकू गेली होती. एवढा मोठा गुरू स्वतःला वाचवू शकत नाही, तर मग ध्यानाचा उपयोग काय? इवाजिरोचा, म्हणजे आता एकाकुचा, विश्वास उडाला. काही काळ तो साधना सोडून कविता आणि सुंदर अक्षर यांच्या मागे लागला. मग एका मंदिरात उन्हाळ्यात पुस्तकं उन्हं दाखवायला बाहेर काढली होती. त्या ढिगातून त्याने डोळे मिटून एक उचललं. उघडलं त्या पानावर एका साधकाची हकिकत होती. तो रात्री ध्यान करताना झोप आली की आरीने स्वतःची मांडी टोचून घेई. आपल्याकडे शेंडीला दोरी बांधून अभ्यास करणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, तशीच ही. एकाकुला वाटलं, बस्स, आपल्याला हेच करायचं आहे.

आणि त्याने ते केलंच. १७०७ मध्ये फुजीचा मोठा उद्रेक झाला, जमीन हादरत होती, मंदिरातली माणसं बाहेर पळाली, आणि हा आत ध्यानाला बसून राहिला असं त्याच्या चरित्रात सांगितलं आहे. १७०८ मध्ये तकादाच्या एका मंदिरात रात्रभर बसलेला असताना दूरची घंटा कानावर पडली आणि आपल्याला ज्ञान झालं अशी त्याची खात्री पटली. गेल्या दोन-तीनशे वर्षांत माझ्याएवढं कोणाला कळलं नसेल, इथपर्यंत गडी पोहोचला! ही हवा काढली ती इइयामा गावच्या शोजू नावाच्या एका कडक म्हाताऱ्या गुरूने. त्यांनी त्याचं नाक पिळलं, त्याला ओट्यावरून खाली ढकललं, आणि सुमारे आठ महिने रोज त्याचा पाणउतारा केला. एके दिवशी भिक्षा मागायला गेलेला असताना आपल्याच विचारात तो एका दारासमोर उभा राहिला. जा म्हटलं तरी हलेना. घरातल्या बाईने चिडून झाडू घातला. त्या फटक्यानंतर त्याला खरी वाट दिसली म्हणतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण झालं उलटंच. तिथून बाहेर पडल्यावर त्याने साधनेचा वेग आणखी वाढवला. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. थोड्याच काळात शरीराने संप पुकारला. त्याने स्वतः दिलेली लक्षणं अशी : डोकं तापलेलं, छाती कोरडी पडलेली, पाय मात्र बर्फात बुडवल्यासारखे गार. ओढ्याकाठून चालावं तसा कानात सतत आवाज. काखेत घाम, डोळ्यांत सारखं पाणी. उठता-बसता भीती. झोपेत आणि जागेपणी नाही नाही ते दिसायचं. तो वैद्यांकडे गेला, मोठमोठ्या गुरूंकडे गेला. कोणाचंही औषध लागू पडलं नाही.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या मजल्यावरचा एक मित्र डोळ्यांसमोर आला. गेल्या वर्षी तो सत्र अर्धवट सोडून घरी गेला होता. झोप येत नव्हती, हातपाय गार पडायचे, छातीत धडधडायचं. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्यामुळे काही जण म्हणाले की नाटकं करतोय, काही म्हणाले की सगळं मनाचं आहे. जणू मनाचं असलं म्हणजे ते खरं नसतंच! पुढच्या सत्राला तो परत आला, आता बरा आहे. पण त्या दिवसांत त्याला सर्वांत जास्त त्रास त्या 'नॉर्मल' शब्दाने दिला, असं तो सांगतो.

असो. एकाकुला कोणीतरी सांगितलं की क्योटोजवळ शिराकावाच्या डोंगरात हाकुयू नावाचा एक विरक्त पुरुष गुहेत राहतो, त्याला वैद्यक चांगलं कळतं. १७१० च्या हिवाळ्यात तो बर्फ तुडवत, विचारत विचारत तिथे पोहोचला. गुहेच्या तोंडाशी बोरूचा पडदा. आत गुडघ्यापर्यंत केस वाढलेला, पण चेहऱ्यावर तेज असलेला माणूस ताठ बसलेला. समोरच्या छोट्या मेजावर तीनच पुस्तकं : एक कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं, एक लाओत्सेचं आणि एक बौद्ध वज्रच्छेदिका सूत्र. चीनचे दोन विचार आणि भारताचा एक, अशी सगळी पूर्व त्या मेजावर मांडलेली होती.

हाकुयूने नाडी पाहिली, पोट तपासलं आणि सांगितलं की हा आजार अति ध्यानाने झाला आहे, तो सुई, शेक आणि औषधाने जाणारा नाही. ज्या मनाने तो आणला त्याच मनाने तो उतरवावा लागेल.

यामागचं चिनी वैद्यकाचं गणित थोडक्यात असं. शरीरात 'की' म्हणजे प्राणशक्ती वाहत असते, आपल्याकडच्या प्राणासारखी. हृदय अग्नीचं, मूत्रपिंड पाण्याचं. प्रत्येक अवयवाशी एक भावनाही जोडलेली आहे : राग यकृताशी, भीती मूत्रपिंडाशी, दुःख फुप्फुसांशी, चिंता प्लीहेशी. त्यामुळे मनाचा आजार आणि शरीराचा आजार अशी दोन खाती त्या वैद्यकात नाहीतच. निरोगी माणसात अग्नी खाली उतरतो आणि पाणी वर चढतं. मला हे चुलीवरून समजलं. चूल खाली आणि पातेलं वर असेल तरच भात शिजतो. एकाकुच्या बाबतीत चूल डोक्यात पेटली होती आणि पाणी पायांत गोठलं होतं.

उपाय दोन. पहिला 'नाइकान'. झोपण्यापूर्वी उताणं पडायचं, पाय लांब करून जुळवायचे, आणि सगळी शक्ती बेंबीखालचा भाग, कंबर, पाय, तळवे इथे भरून राहिली आहे असं मनात आणायचं. बेंबीखालच्या या जागेला 'तान्देन' म्हणतात. श्वास तिथपर्यंत पोहोचू द्यायचा. दुसरा उपाय भन्नाट आहे. बसायचं, आणि डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा मऊ, सुगंधी लोण्याचा गोळा ठेवला आहे अशी कल्पना करायची. तो हळूहळू वितळतो. डोकं, खांदे, दंड, छाती, फुप्फुसं, यकृत, पोट, पाठीचा कणा असं करत करत तो कंबरेपर्यंत ओघळतो आणि साचलेलं सगळं दुखणं बरोबर घेऊन पायांच्या तळव्यांपर्यंत जातो. शेवटी, औषधी काढ्याच्या कोमट टबात कंबरेपर्यंत बसलो आहोत असं वाटू द्यायचं. झालं! गंमत म्हणजे त्या काळचे जपानी लोक दूध-लोणी जवळजवळ खातच नसत. लोण्याची ही कल्पना बौद्ध ग्रंथांबरोबर तिथे गेलेली.

एकाकु परतला आणि नेटाने हे करू लागला. तीन वर्षांच्या आत औषधाशिवाय सगळी लक्षणं गेली असं त्याने लिहिलं आहे.

पुढे वडिलांच्या शेवटच्या इच्छेमुळे तो हाराला परतला आणि त्याच जुन्या शोइनजीचा प्रमुख झाला. १७१८ मध्ये हाकुइन हे नाव घेतलं. (आता त्यांना अरे-तुरे करणं बरं दिसणार नाही.) मंदिर कसलं, पडका वाडा. छप्पर इतकं गळायचं की पावसात आतही टोपी घालून वावरावं लागे. पण हळूहळू देशभरातून तरुण मुलं तिथे येऊ लागली. राहायला जागा नाही म्हणून आसपासच्या ओसाड घरांत आणि मोडक्या देवळांत राहू लागली. खाणं निकृष्ट, थंडी कडाक्याची, आणि वरून गुरूंचा ओरडा. मुलं वाळायला लागली, आजारी पडायला लागली. तेव्हा हाकुइननी आपलं जुनं दुखणं आणि त्यावरचा उपाय त्यांना सांगितला. तो १७५७ मध्ये 'यासेन कान्ना' या छोट्या पुस्तकात छापला गेला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

नावाचा अर्थ, रात्रीच्या होडीतल्या रिकामटेकड्या गप्पा. यातही एक खोच आहे. क्योटो न पाहताच पाहिलं म्हणणाऱ्या एका थापाड्याला कोणीतरी शिराकावाविषयी विचारलं. ती नदी समजून तो म्हणाला की रात्री होडीतून गेलो, झोपलो होतो, दिसली नाही. त्यावरून जपानीत म्हणच पडली. म्हणजे शिराकावाच्या गुहेची ही गोष्ट किती खरी धरायची, याचा इशारा लेखकाने शीर्षकातच दिला आहे! हाकुयू हा खरोखर होऊन गेलेला माणूस, पण त्याच्या मृत्यूची नोंद १७०९ ची, म्हणजे सांगितलेल्या भेटीच्या आदल्या वर्षाची. भेट कदाचित आधी झाली असेल, कदाचित रचलेली असेल. आजार आणि उपाय मात्र हाकुइन पुढे आयुष्यभर शिकवत राहिले.

आता आपण पडलो इंजिनिअर, तेव्हा विचारणारच की 'की' मोजायची कशाने? शरीर कापून पाहिलं तर ती कुठे सापडत नाही, हे खरं. पण आपणही सर्किट सोडवताना करंट धनाकडून ऋणाकडे वाहतो असं धरतो. तारेत इलेक्ट्रॉन उलटे जात असतात, तरी उत्तर बरोबर येतं. ताण वाढला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, घाम येतो, धडधडतं. संथ श्वासाने आणि लांब उच्छ्वासाने हे चक्र उलटं फिरू लागतं. १९३२ मध्ये योहानेस शुल्त्स या जर्मन डॉक्टरने 'ऑटोजेनिक ट्रेनिंग' नावाची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्यात हातपाय जड आणि उबदार, कपाळ गार, असंच मनात आणायचं असतं. आणि आपल्या आजीचं काय? पाय गरम, पोट नरम, डोकं थंड!

परीक्षेच्या आधी मी हा लोण्याचा प्रयोग करून पाहिला. पहिल्या रात्री लोणी खांद्यापर्यंत येण्याआधीच झोप लागली. पंधरा दिवसांनी ते तळव्यांपर्यंत पोहोचू लागलं आणि पायांना खरंच ऊब जाणवली. मार्कांवर काही परिणाम झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो! मात्र हे औषधाच्या जागी नाही. हाकुइनही आधी वैद्यांकडेच गेले होते. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, त्याने डॉक्टरांना गाठावं, किंवा निदान सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन तरी करावा.

हाकुइन १८ जानेवारी १७६९ रोजी शोइनजीतच गेले, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. मागे हजारो चित्रं आणि अक्षरलेखनं ठेवून गेले, टपोऱ्या डोळ्यांचा बोधिधर्म तर त्यांनी कितीदा काढला. आज जपानमधले रिन्झाई झेनचे जवळजवळ सगळे गुरू आपली परंपरा त्यांच्यापर्यंत नेतात. विशीत ज्याला उभं राहवत नव्हतं त्या माणसाची ही कमाई!

त्यांनी मेहनत सोडा असं शेवटपर्यंत कधीच म्हटलं नाही, उलट शिष्यांना ते राबवूनच घेत. पण आरीने मांडी टोचणाऱ्या साधकाची गोष्ट वाचून वेडा झालेला हा माणूस पुढे गुरू झाला, तेव्हा त्याने मुलांना पाय उबदार कसे ठेवायचे हेही शिकवलं. आपल्या होस्टेलमध्ये सबमिशनच्या रात्री जागणारे खूप आहेत. शेजारच्या खोलीतला कोणी गप्प गप्प झाला, जेवायला येईनासा झाला, तर त्याला नाटकी म्हणू नका. मेसमध्ये बरोबर घेऊन जा. लोण्याचं नंतर सांगा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)