फिलाडेल्फियातील तेजस्वी विद्यार्थिनी : डॉ. आनंदीबाई जोशी

जालना ही व्यापारी पेठ 'सोन्याचा पाळणा' म्हणून पूर्वापार ओळखली जाते. या पाळण्यात वाढलेली मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईलाच नव्हे, तर सातासमुद्रापलीकडेही जातात. त्यांना निरोप देताना घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एकच चिंता असते. परक्या गावी आपले लेकरू खाईल काय, राहील कसे आणि घरचे संस्कार टिकतील का? ही चिंता आजची नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका महाराष्ट्रकन्येने आपल्या आचरणाने तिचे उत्तर दिले आणि त्याची फार मोठी किंमतही मोजली. ती कन्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. कल्याणच्या ब्राह्मण कुटुंबातील या मुलीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदी झाली. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी पत्नीला शिकवण्याचा ध्यासच घेतला होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला; परंतु तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत, ही खंत त्यांच्या अंतःकरणात खोल रुतली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, यासाठी आपणच वैद्यकी शिकावी, हा संकल्प त्या दुःखातून जन्मला.

या संकल्पाला समाजातून कडाडून विरोध झाला. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपली भूमिका मांडली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. पती सोबत नव्हते. जवळजवळ दोन महिन्यांच्या प्रवासानंतर जूनच्या प्रारंभी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखे जवळ केले. दोघींची ओळख तोवर केवळ पत्रांतून झालेली होती. तरी आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ते पहिले काही महिने मायेच्या छायेत गेले. परदेशाचे खरे दर्शन घडले ते पुढे फिलाडेल्फियात.

फिलाडेल्फिया हे अमेरिकेच्या इतिहासातील मानाचे शहर. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथेच स्वीकारला गेला, तर १७८७ साली राज्यघटनाही येथेच तयार झाली. युद्ध आणि हिंसा निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या विल्यम पेन यांनी हे नगर वसवले होते. स्त्रियांसाठी १८५० साली येथे स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या उभारणीतही क्वेकर मंडळींचा मोठा वाटा होता. अशा नगरीत १८८३ च्या शरद ऋतूत, वयाची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण केलेली ही विद्यार्थिनी दाखल झाली. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी तिला आपुलकीने सामावून घेतले.

परंतु नगरी कितीही थोर असली, तरी विद्यार्थ्याला प्रथम भेटते ती राहण्याची खोली. आनंदीबाईंच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर आणि विझवली तर हाडे गोठवणारी थंडी! नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. साडी मात्र सोडली नाही. शाकाहाराचा नियमही सोडला नाही. थकलेल्या देहाने स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि मग परक्या भाषेतील शरीरशास्त्राचे ग्रंथ उघडायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

१८८५ साली काढलेले एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात जपान आणि सीरिया येथील दोन सहाध्यायिनींसमवेत आनंदीबाई साडीत दिसतात. तिघींनीही आपापला देशी वेश परिधान केलेला आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी प्राप्त झाली. त्या सोहळ्यास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची सूत्रे सोपवण्यासाठी त्यांना निमंत्रण आले.

दुर्दैवाने ते पद त्यांना सांभाळता आले नाही. थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी देह खचत गेला होता. क्षयाने त्यांना गाठले. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८८ साली, मोहनदास गांधी लंडनला निघाले. जैन साधू बेचरजी स्वामींसमोर त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्रीसंगापासून दूर राहण्याचे व्रत घेतले होते. प्रारंभी लंडनमध्ये त्यांचीही उपासमार झाली. पुढे शाकाहारी उपाहारगृह आणि समविचारी मंडळी सापडली, तेव्हा त्यांच्या व्रताला बळ मिळाले. आनंदीबाईंच्या खोलीत तसा आधार क्वचितच पोहोचला.

नियम विद्यार्थ्याने पाळायचा असतो. पण तो सुखाने पाळता येईल अशी सोय समाजाने करायची असते. दानवीर माणिकचंद जव्हेरी यांनी मुंबईत उभारलेले जैन बोर्डिंग आणि आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली सुरू झालेले श्री महावीर जैन विद्यालय यांमागे हीच दृष्टी होती. ज्ञानदानाइतकेच आहारदान आणि आश्रयदानही पुण्यप्रद आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, दूरदेशी शिकणाऱ्या प्रत्येक लेकराच्या खोलीत ऊब आणि ताटात शुद्ध अन्न असावे, एवढा संकल्प समाजबांधवांनी केला, तर तीच डॉ. आनंदीबाईंना खरी आदरांजली ठरेल.