महात्मा गांधी यांची आजारपणे आणि शस्त्रक्रिया

मोहनदास करमचंद गांधी (२ ऑक्टोबर १८६९ – ३० जानेवारी १९४८) यांच्यावर प्रौढ वयात दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिली जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत आणि दुसरी १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात झाली. दोन्ही वेळा प्रकृती सरळ सुधारत गेली नाही. वेदना पुन्हा उद्भवल्या, जखम भरण्यास विलंब झाला आणि पूर्वीइतके काम करणे बराच काळ शक्य झाले नाही. या मर्यादांशी जुळवून घेताना त्यांनी आपली कामाची पद्धत बदलली. त्यांतील काही बदल आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकले.

पार्श्वभूमी

गांधी यांचा आधुनिक वैद्यकाविषयीचा दृष्टिकोन टीकात्मक होता. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’ या पुस्तकात त्यांनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली होती. आहारनियमन, उपवास, जलोपचार आणि मातीचे उपचार यांवर त्यांचा भर होता. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ मध्ये त्यांनी दूध वर्ज्य करण्याचे व्रत घेतले. गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फुंक्याच्या क्रूर पद्धतीची माहिती हे त्यामागील एक कारण होते. पुढील आजारपणात या व्रताचा आणि वैद्यकीय सल्ल्याचा थेट संघर्ष झाला.

१९१८ चे आजारपण

१९१८ च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यातील सत्याग्रह संपल्यानंतर गांधी यांनी त्याच जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी दौरे केले. या काळात त्यांचा आहार प्रामुख्याने भुईमुगाच्या दाण्यांचा आणि लिंबाचा होता. एका सणाच्या दिवशी थोडे अधिक खाल्ल्याचे निमित्त होऊन त्यांना तीव्र आमांश झाला. औषध घेण्यास त्यांनी नकार दिला. नडियादहून त्यांना अहमदाबादला उद्योगपती अंबालाल साराभाई यांच्या बंगल्यात नेण्यात आले व नंतर ते साबरमती आश्रमात परतले. अशक्तपणा इतका वाढला की आपला अंत जवळ आला आहे असे त्यांना वाटू लागले.

याच सुमारास केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय वैद्यकीय उपचारक आश्रमात आले. सर्वांगाला बर्फ लावण्याच्या त्यांच्या उपचारामुळे आश्रमीय मंडळी त्यांना ‘बर्फाचे डॉक्टर’ म्हणत. औषध पोटात घ्यावयाचे नसल्याने गांधी यांनी हा प्रयोग करू दिला. त्यांना थोडी भूक लागू लागली आणि ते पाच-दहा मिनिटे चालू लागले. अंडी खाण्याचा केळकरांचा सल्ला मात्र त्यांनी मानला नाही.

माथेरान व पुन्हा बिघाड

हवापालटाने शक्ती लवकर भरून येईल या मित्रांच्या सल्ल्यानुसार गांधी माथेरानला गेले. तेथील जड पाणी त्यांना मानवले नाही. आमांशामुळे गुदमार्ग नाजूक झाला होता व तेथे चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेळी होणाऱ्या असह्य वेदनांमुळे त्यांना खाण्याचीच धास्ती वाटू लागली. विश्रांतीसाठी गाठलेले हे ठिकाण त्यांना आठवडाभरातच सोडावे लागले.

मुंबईत शंकरलाल बँकर यांनी त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी घेतली आणि डॉ. दलाल यांना पाचारण केले. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे दलाल यांचे मत पडले. गांधी यांनी व्रताचे कारण पुढे केले. तेव्हा व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस यांचेच दूध होते, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती, असा मुद्दा कस्तुरबांनी मांडला. गांधी यांनी तो मान्य केला. व्रताचे शब्द पाळले गेले तरी त्याचा आशय मोडला, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. शेळीचे दूध पुढे त्यांच्या आहारात कायम राहिले.

१९१९ ची शस्त्रक्रिया

शेळीचे दूध सुरू झाल्यानंतर डॉ. दलाल यांनी गुदमार्गातील चिरांवर शस्त्रक्रिया केली. वेदना कमी झाल्या व शक्ती हळूहळू परत येऊ लागली. अंथरुणावर असतानाच रौलट समितीच्या शिफारशी त्यांच्या वाचनात आल्या. त्यांविरुद्ध आंदोलन उभारावे असे त्यांना वाटले. परंतु स्वतः धावपळ करण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना बोलावून घेतले. फेब्रुवारी १९१९ मध्ये साबरमती आश्रमात झालेल्या छोट्या बैठकीत सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली.

विश्रांतीच्या या काळात ते मुंबईत मणिभवन येथे राहत. तेथे त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला. त्याच्या गुंजारवाने आपल्याला बरे होण्यास मदत झाली, हा परिणाम शरीरापेक्षा मनावर अधिक झाला असावा, असे त्यांचे मत होते. खादीच्या चळवळीची काही पूर्वतयारी याप्रमाणे आजाऱ्याच्या खोलीत झाली.

कायम राहिलेली मर्यादा

पुरेशी शक्ती आलेली नसतानाच गांधी यांनी दिल्ली आणि मद्रास येथे प्रवास केला. सभांमध्ये त्यांचा आवाज पोहोचत नसे. उभे राहून काही वेळ बोलू लागल्यास सर्वांग थरथरत असे व धडधड वाढत असे. उभे राहून भाषण करण्याची ही असमर्थता पुढेही टिकल्याचे त्यांनी अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात म्हटले आहे. त्यामुळे ते बसून बोलू लागले आणि कित्येकदा त्यांचे लिखित भाषण दुसऱ्या कोणी वाचून दाखवीत असे. व्यासपीठावर बसून संथ आवाजात बोलणारे गांधी ही लोकांना परिचित झालेली प्रतिमा अंशतः या दुखण्यातून निर्माण झाली.

येरवडा ते ससून

१० मार्च १९२२ रोजी गांधी यांना अटक झाली आणि १८ मार्च रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा देण्यात आली. पुण्याच्या येरवडा कारागृहात असताना जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह असल्याचे निदान झाले आणि १२ जानेवारी रोजी त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईहून त्यांच्या परिचयाचे डॉक्टर येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते.

शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या इच्छेनुसार भारत सेवक समाजाचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना बोलावण्यात आले. कैदी असलेल्या गांधी यांचा ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या हातून मृत्यू झाला असता तर देशभर उद्रेक होण्याची भीती होती. आपल्याला उत्तम वागणूक मिळाली असून शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, अशा आशयाच्या निवेदनावर गांधी यांनी स्वाक्षरी केली. शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी केली. ती चालू असताना विजेचा पुरवठा खंडित झाला, परिचारिकेच्या हातातील विजेरीही बंद पडली आणि अखेरचा भाग कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावा लागला.

जखम आणि सुटका

प्रारंभी प्रकृतीत चांगली सुधारणा झाली. नंतर जखमेच्या जागी गळू झाल्याने बरे होण्याची गती मंदावली. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने उर्वरित शिक्षा बिनशर्त माफ केली. या सुटकेचा गांधी यांना आनंद झाला नाही. कैद्याचे आजारपण हे त्याच्या सुटकेचे कारण होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. मॅडॉक आणि परिचारिका यांच्याविषयी मात्र त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली.

जुहू येथील विश्रांती

मार्च १९२४ मध्ये गांधी मुंबईजवळच्या जुहू येथे उद्योगपती नरोत्तम मोरारजी यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यात राहण्यास गेले. भेटीसाठी येणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि बोलण्याने त्यांना थकवा येत असे. म्हणून अत्यावश्यक कामाशिवाय भेटीस येऊ नये, अशी विनंती त्यांनी वृत्तपत्रांद्वारे केली. वाचलेली शक्ती त्यांनी ठरावीक कामांकडे वळवली. एप्रिलमध्ये ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादन पुन्हा हाती घेतले, तसेच कायदेमंडळ प्रवेशाच्या प्रश्नावर चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्याशी चर्चा केली. मे महिन्याच्या अखेरीस ते साबरमतीस परतले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी त्यांनी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला. आजारातून उठून काही महिनेच झाले असल्याने सहकारी चिंतेत होते. डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली हा उपवास पार पडला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

नंतरचा काळ

१९२६ हे वर्ष गांधी यांनी बहुतांशी दौरे टाळून साबरमती आश्रमात घालवले. मार्च १९२७ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या दौऱ्यात अतिश्रमामुळे त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली. रक्तदाब वाढल्याचे आढळले, दौरा थांबवावा लागला आणि त्यांनी म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर विश्रांती घेतली. तीन वर्षांनंतर, १९३० मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर २४ दिवसांत पायी पार केले. रोजचे टप्पे, मुक्काम आणि सोमवारची विश्रांती आधीच ठरवलेली होती.

६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर ते पुन्हा जुहू येथे आणि नंतर पाचगणी येथे विश्रांतीसाठी राहिले. मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळी कांचन येथे त्यांनी ग्रामीण रुग्णांसाठी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. निसर्गोपचारावर विश्वास असूनही त्यांनी शस्त्रक्रिया सर्वथा नाकारली नाही. मे १९४७ मध्ये पाटणा येथे चुलत नात मनू हिला आंत्रपुच्छाचा दाह झाला, तेव्हा निसर्गोपचारांचा गुण न आल्याने त्यांनी शस्त्रक्रियेस संमती दिली व ते स्वतः तेथे उपस्थित राहिले.

मूल्यमापन

रुग्णालयांवर टीका करणाऱ्या गांधी यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली, ही विसंगती त्यांच्या हयातीतच टीकेचा विषय झाली होती. १९१८–१९ मध्ये औषध नाकारण्याच्या आग्रहाने त्यांचे दुखणे लांबले. तर १९२४ मध्ये त्यांनी तत्काळ संमती दिल्याने प्राण वाचले. शक्ती परत येण्यापूर्वी कामास लागण्याची सवय मात्र त्यांना पूर्णपणे सोडता आली नाही, हे १९१९ चा प्रवास आणि १९२७ चा दौरा यांवरून दिसते. बसून भाषण करणे, भेटींवर मर्यादा घालणे आणि प्रवासाऐवजी लेखनातून काम चालवणे या उपायांनी त्यांनी सार्वजनिक कार्य चालू ठेवले.

ससून रुग्णालयातील ज्या खोलीत १९२४ ची शस्त्रक्रिया झाली, ती स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे. मुंबईतील मणिभवन येथे गांधी संग्रहालय आहे.