तापलेला तंतू

उत्तर इंग्लंडमधील लँकेस्टर या गावी २९ नोव्हेंबर १८४९ रोजी जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. अँब्रोज हा भावंडांत थोरला. पुढे हे कुटुंब लंडनला राहावयास गेले. यंत्रांचे वेड या मुलाला उपजतच होते. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने स्वतःची लहानशी कार्यशाळा थाटली व तेथे तो छोट्या नौका आणि यंत्रे बनवू लागला.

घरी पैशाची चणचण होती. पदवीचा अभ्यास चालू असतानाच त्याला कारकुनी पत्करावी लागली. दिवसा हिशेबाच्या वह्या व रात्री पुस्तके, असा क्रम ठेवून तो १८७० साली बी. एस्सी. झाला. नंतर काही वर्षे त्याने शाळेत अध्यापन केले, पै पै साठविली आणि १८७७ साली, बरोबरीचे तरुण स्थिरस्थावर होतात त्या वयात, तो केंब्रिजला पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथे थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल शिकवीत असत. त्यांची व्याख्याने इतकी कठीण असत, की पुष्कळदा समोर दोनतीनच श्रोते उरत. कधी कधी तर एकटे फ्लेमिंगच!

१८८२ साली फ्लेमिंग लंडनमधील एडिसन यांच्या विद्युद्दीप कंपनीचे सल्लागार झाले. त्या काळच्या दिव्यांत कोळशाचा तंतू असे. काही दिवस जळल्यावर दिव्याची काच आतून काळवंडे. फ्लेमिंग यांनी असे दिवे बारकाईने न्याहाळले, तेव्हा काही दिव्यांच्या काळ्या काचेवर त्यांना एक स्वच्छ रेघ आढळली. तापलेल्या तंतूच्या एका बाजूकडून कण सुटत असून दुसरी बाजू त्यांना आड येत असली पाहिजे, हे त्यांनी ताडले. एडिसन यांनीही दिव्यात धातूची एक पट्टी बसवून पाहिली होती. ती पट्टी धन टोकाला जोडली, की मधल्या निर्वात जागेतून वीज वाहे. ऋण टोकाला जोडली, की वाहत नसे. या चमत्काराचा फारसा उपयोग मात्र त्या काळी झाला नाही. फ्लेमिंग यांनी त्यावर अनेक प्रयोग केले आणि अखेर ते दिवे कपाटात ठेवून दिले.

१८८५ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८९९ पासून ते मार्कोनी यांच्या बिनतारी तारायंत्र कंपनीलाही सल्ला देऊ लागले. कॉर्नवॉलमधील पोल्डू येथील प्रचंड प्रक्षेपकाची आखणी त्यांचीच. १२ डिसेंबर १९०१ रोजी तेथील संदेश अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंडला पोहोचला. जगाने मार्कोनींचा जयजयकार केला; फ्लेमिंग यांची आठवण थोड्यांनाच झाली.

आता प्रश्न होता तो क्षीण संदेश ओळखण्याचा. इतर लोक कानाला श्रवणयंत्र लावून तो ऐकत. फ्लेमिंग यांना तर ऐकूच कमी येई! संदेश डोळ्यांना दिसावा, मापकाचा काटा हलावा, असे त्यांना वाटे. परंतु बिनतारी लहरींचा प्रवाह सेकंदाला लक्षावधी वेळा दिशा बदलतो. बिचारा काटा हलणार कोणीकडे? हा प्रवाह एकाच दिशेने वाहू देणारे साधन हवे होते. १९०४ साली त्यांना कपाटातील जुने दिवे आठवले. दिवा बाहेर काढून जोडला आणि काटा हलला! विहिरीच्या पंपातील झडप पाण्याला एकाच बाजूने जाऊ देते, तसेच हे काम. म्हणून त्यांनी या दिव्याला झडप असेच नाव दिले. १६ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला.

या निर्वात नळीचा प्राण म्हणजे तंतूची उष्णता. तंतू पुरेसा तापला नाही, तर इलेक्ट्रॉन कमी सुटतात. फाजील तापला, तर तो लवकर जळून जातो. आरंभी संचायक विद्युत्घटांनी तंतू तापवीत. पुढे घरगुती विजेवर रेडिओ चालू लागले. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. ती सरळ तंतूला दिली, की कर्ण्यातून गाण्याबरोबर गुणगुणही ऐकू येई. म्हणून तंतूभोवती धातूची बारीक नळी बसविण्यात आली. तंतूने केवळ नळी तापवावी आणि इलेक्ट्रॉन नळीने सोडावेत, अशी ही कामाची वाटणी. अनेक नळ्यांच्या तापकांना ६.३ व्होल्ट दाब लागतो. त्या काळी मोटारगाडीत असणारा तीन घरांचा संचायक सुमारे तेवढाच दाब देई.

आज बहुतेक कामे ट्रान्झिस्टर करतात. तरीही काही संगीतप्रेमी निर्वात नळ्यांचे ध्वनिवर्धक हौसेने बांधतात. तापकाचा दाब स्थिर ठेवण्यासाठी ते नियंत्रित वीजपुरवठा योजतात. त्यात रोहित्र दाब उतरविते, एकदिशकारक प्रवाहाला एकाच दिशेने नेतो, धारित्र त्यातील चढउतार सपाट करते आणि नियंत्रक दर क्षणी दाब पडताळून कमीजास्त दुरुस्त करतो. थंड तंतू पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. यांतील एकदिशकारकाचे काम तेच, जे फ्लेमिंग यांच्या झडपेने केले होते!

झडपेचे हक्क मात्र कंपनीकडे गेले. शिवाय अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी नळीत तिसरा भाग, म्हणजे जाळी, बसवून क्षीण संदेश मोठा करण्याची युक्ती काढली आणि श्रेयाचा वाद पेटला. तो न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. १९१६ साली अमेरिकेतील न्यायालयाने फ्लेमिंग यांच्या बाजूने निर्णय दिला. १९४३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे एकस्वच अवैध ठरविले. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

वादामुळे त्यांचे काम थांबले नाही. १९२६ पर्यंत ते प्राध्यापक होते. १९२९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. लंडनच्या फिजिकल सोसायटीपुढे १८७४ साली त्यांनी पहिला निबंध वाचला होता. त्याच संस्थेपुढे शेवटचा वाचला तो १९३९ साली. १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ या समुद्रकाठच्या गावी वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.